घरात दिव्याखाली पालेभाजी, खर्च ३००० रुपये: नागपूरच्या उन्हाळ्यात जमेल का?

वाडा_तळमजला
घर नागपूरच्या महाल भागात, तळमजल्यावर आहे. ऊन आत येत नाही आणि गच्चीवर कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी नाही. घरात एलईडी दिव्याखाली सांबार (कोथिंबीर), मेथी आणि पालक घ्यायचा विचार आहे. चार फूट लांब, एक फूट रुंद फळ्यांचा लोखंडी रॅक आहे, त्यामुळे तो खर्च वाचला. बाकी सगळं ३००० रुपयांत बसवायचं आहे.
दिवे किती आणि कोणते घ्यावेत? माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) की नुसतं पाणी? आणि मे महिन्यात खोलीत काय टिकेल? पहिलीच वेळ आहे, त्यामुळे माप आणि आकडे सांगितलेत तर बरं होईल.

संत्रानगरी
जमेल. सुरुवात एकाच फळीपासून करा. अर्धे पैसे दिव्यांवर जाऊ द्या, कारण पहिल्यांदा करणारे नेमके तिथेच हात आखडतात आणि रोपं दोरीसारखी लांबून आडवी होतात.

लक्समीटर
चार बाय एक फूट म्हणजे साधारण ०.३७ चौरस मीटर. पालेभाजीला पानाच्या पातळीवर १४ ते १५ हजार लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन), १५-१६ तास मिळाले की पुरतं. साध्या पांढऱ्या २० वॅटच्या चार फुटी एलईडी बॅटनमधून (ट्यूबसारखा लांब दिवा) सुमारे २००० ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड, निघतो. चार बॅटन म्हणजे ८००० ल्युमेन. त्यातला तिसरा हिस्सा बाजूला सांडतो असं धरलं तरी फळीवर साडेचौदा हजार लक्सच्या आसपास उतरतात. म्हणून एका फळीला चार बॅटन, एकमेकांपासून सात-साडेसात सेंटीमीटरवर.

खोक्यावर वॅटपेक्षा ल्युमेन वाचा. २० वॅटला १६०० ल्युमेन देणाराही बॅटन मिळतो आणि २२०० देणाराही, किमतीत फरक जेमतेम तीस-चाळीस रुपये. रंग ६५०० के (निळसर पांढरा) चालतो, ४००० के (किंचित पिवळसर) चालतो, घरात डोळ्यांना जो बरा वाटेल तो घ्या. जांभळे 'ग्रो लाइट' घेऊ नका. खोक्यावर १००० वॅट लिहिलेलं असतं आणि आत शंभरही नसतात. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं, तेच कळत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला पान दिसायला हवं.

बॅटन पानाच्या टोकापासून १५ ते २० सेंटीमीटरवर ठेवा. साखळी आणि एस आकाराचे हूक लावले की रोप वाढेल तसे वर घेता येतात. रॅकच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंना थर्माकोलची पांढरी शीट लावा. बाहेर सांडणारा उजेड परत आत येतो, तोही साठ-सत्तर रुपयांत.

मोबाइलच्या लक्स ॲपचा आकडा तंतोतंत नसतो. पण मधला भाग आणि कोपरा यांतला फरक त्यात बरोबर दिसतो. कोपऱ्यात निम्मा उजेड असेल तर दर तीन-चार दिवसांनी ट्रे फिरवा.

कॉटनमार्केट_कॅरेट
भाऊ, नागपूरसारख्या उन्हाच्या गावात दिवे लावून भाजी काऊन करता? पन्नास टक्क्यांची हिरवी नेट टाका, खाली कॅरेट ठेवा. दिव्याचा खर्च नाही, बिलाचा खर्च नाही. गच्चीचं सोसायटीले एकदा विचारून पाहा ना.

निंबोळी
कॅरेट भाऊंचं ऑक्टोबर ते फेब्रुवारी शंभर टक्के खरं आहे. त्या पाच महिन्यांत इथे दिव्यावर एक रुपयाही घालवू नये. पण एप्रिल-मेमध्ये नेटखाली सावली मिळते, गारवा मिळत नाही. बाहेर ४४-४५ अंश असलं की नेटखालची हवाही तेवढीच तापते, गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो. सांबार तिथे उगवतच नाही, उगवला तर वीतभर व्हायच्या आत फुलावर येतो. घरात कूलरच्या खोलीत २८ ते ३२ अंश मिळतात. हा १२ अंशांचा फरकच आपण विकत घेतोय, उजेड त्यासोबत विकत घ्यावा लागतो.

वाडा_तळमजला
गच्चीचं विचारून झालंय, नाहीच म्हणाले. एक शंका. यूट्यूबवर घरातल्या लागवडीचे जे व्हिडिओ दिसतात त्यात लोक दोनशे-तीनशे वॅटचे पॅनेल, तंबू, एक्झॉस्ट, कार्बन फिल्टर असं सगळं लावतात. इथे ते कोणी सांगितलं नाही. लागत नाही का?

लक्समीटर
लागत नाही. त्यातले बहुतेक व्हिडिओ परदेशातले, गांजाच्या लागवडीचे असतात. ते पीक फुलासाठी घेतात, त्याला पालेभाजीच्या तिप्पट-चौपट उजेड लागतो. तंबू उजेड कोंडण्यासाठी, कार्बन फिल्टर वास दाबण्यासाठी. अठरा तास दिवा, मग बारा तास दिवा हे वेळापत्रकही त्याच झाडाला फुलावर आणण्यासाठी आहे. मेथीला यातलं काहीच नको. ते आकडे डोळे झाकून उचलले तर पंधरा हजारांचा खर्च होईल आणि सांबार करपेल.

धागापाल
याच ओघात एक स्पष्ट करतो, कारण असे प्रश्न अधूनमधून येतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ च्या कलम २० खाली गुन्हा आहे, एका कुंडीत लावलं तरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यावरची चर्चा इथे होणार नाही. भाजीवर चालू द्या.

फेज_न्यूट्रल
वायरिंगबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाणी, लोखंडी रॅक आणि वीज एकत्र आले आहेत, त्यामुळे इथे काटकसर नको.

चार बॅटन मिळून ८० वॅट, म्हणजे अर्ध्या ॲम्पिअरहून कमी. साधा ६ ॲम्पिअरचा प्लग भरपूर झाला. धोका लोडचा नाही, ओलीचा आहे. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर किंवा ट्रेच्या खालच्या फळीवर ठेवू नका. भिंतीवर, ट्रेच्या वरच्या उंचीला स्क्रूने बसवा. बोर्डाकडे जाणारी प्रत्येक वायर आधी खाली लोंबू द्या, मग वर बोर्डात जाऊ द्या. वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. जोड पिळून टेप गुंडाळू नका, दहा-वीस रुपयांची कनेक्टर पट्टी वापरा. तीन पिनचा प्लग लावून अर्थची वायर रॅकच्या पायाला नटबोल्टने जोडा. तिथला रंग आधी खरवडा, रंगावरून अर्थिंग होत नाही. महालात जुन्या वायरिंगची घरं बरीच आहेत, सॉकेटला अर्थ खरंच येतोय का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) घरात नसेल तर ती या रॅकच्या आधी बसवा, बजेटच्या बाहेर गेलं तरी.

टायमर साधा चोवीस तासांचा, खुंट्या दाबायचा घ्या, तीनशे-साडेतीनशेला मिळतो. वीज गेली की तो थांबतो आणि तेवढा मागे पडतो. आठवड्यातून एकदा वेळ जुळवा.

सांबारवडी
सांबाराचं बी इथे खूप जणांना फसवतं, म्हणून सविस्तर.

किराण्याचे धणे चालतील, पण आधी परीक्षा घ्या. वीस दाणे ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. दहा-बारा दिवसांत चौदाच्या वर उगवले तर बी चांगलं, दहाच्या आत असतील तर दुसरं आणा. कृषी सेवा केंद्रातलं बी गुलाबी किंवा निळं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. कोवळे अंकुर काढून खायचे असतील तर ते बी अजिबात वापरू नका.

एका धण्यात दोन बिया असतात. धणे फडक्यात घेऊन लाटण्याने हलके दाबा. दोन फोडी व्हाव्यात, चुरा नको. बारा तास भिजवा, पाणी काढून टाका, फडक्याची पुरचुंडी बांधा. आता ती कुठे ठेवायची हा मुद्दा उन्हाळ्यात सगळ्यात महत्त्वाचा. धण्याला उगवताना १८ ते २५ अंश आवडतं, तीसच्या वर तो रुसतो. पाण्याचा डेरा ज्या ओल्या वाळूवर ठेवतात, त्या वाळूत डेऱ्याला टेकवून पुरचुंडी ठेवा. खोली ३४ अंशांवर असली तरी तिथे सहा-सात अंश कमी राहतं. दिवसातून एकदा फडकं उघडून पाहा. पांढरं टोक दिसू लागलं की लगेच पेरा, लांब होऊ देऊ नका, मोडतं.

एक बाय दोन फुटांच्या ट्रेला २५ ते ३० ग्रॅम धणे. खोली एक सेंटीमीटर. सांबाराचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून ट्रे निदान सहा इंच खोल हवा. मेथीला चार इंचही पुरतात.

हिरवाकंदील
दिवे सरळ अठरा तास ठेवा की. जास्त उजेड, जास्त वाढ. बिलात फार फरक पडत नाही.

निंबोळी
सांबार आणि पालक या दोघांसाठी असहमत. मोठा दिवस आणि उष्णता एकत्र आली की दोन्ही फुलावर जातात, पान बारीक आणि कडवट होतं. आधीच आपल्याकडे उष्णता आहे, त्यात दिवसही लांबवला तर आपणच घाई करतो. सांबाराला १२-१३ तास ठेवा आणि उजेड कमी पडू नये म्हणून बॅटन थोडे खाली, १२-१५ सेंटीमीटरवर आणा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत उपटायचीच आहे, तिला सोळा तास खुशाल द्या.

पालकात दोन प्रकार आहेत. आपला देशी पालक बीटच्या कुळातला आहे, तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो. 'ऑल ग्रीन' ही त्यातली जुनी, भरवशाची जात. विलायती पालक वेगळाच, तो उन्हाळ्यात घेऊ नका. मेथीतही कसुरी थंडीची आहे, साधी मेथी घ्या.

आणि दिवे दिवसा लावू नका. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा. ८० वॅटची उष्णता रात्री खोलीला जाणवत नाही, दुपारी तीन वाजता जाणवते. रोपांना घड्याळाशी देणंघेणं नाही.

हिरवाकंदील
रात्रीची वेळ पटली. मेथीला सोळा आणि सांबाराला बारा तास, तर एका टायमरवर दोन्ही कसं जमेल?

फेज_न्यूट्रल
एकाच फळीवर जमणार नाही. दोन फळ्या, दोन टायमर. एकच फळी असेल तर तेरा-चौदा तासांवर दोन्ही चालवा.

रेगूर
माध्यमाबद्दल. वावरातली काळी माती ट्रेमध्ये भरू नका. शेतात ती सोनं आहे, सहा इंचाच्या ट्रेमध्ये तिच्यातून पाणी खाली जात नाही. ओली असताना मुळं गुदमरतात, सुकली की तडे जाऊन मुळं तुटतात.

पाच किलोची कोकोपीटची वीट भिजवली की ६० ते ७० लिटर होते, एका फळीला पुरून उरते. स्वस्त विटेत मीठ असतं. भिजवून, गोणपाटात घालून, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा, आधी येणारं चहाच्या रंगाचं पाणी फिकं होईपर्यंत. मग घट्ट पिळा. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळ खत, आणि दहा लिटर मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड. एवढ्यावर पहिले अडीच-तीन आठवडे निघतात. त्यानंतर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम. त्यात कॅल्शियम नसतं, म्हणून एका आठवड्याआड त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट, लिटरला अर्धा ग्रॅम. दोन्ही एकाच बादलीत घट्ट कालवू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि तो रोपाला मिळत नाही.

पाणी नळाचं घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी लोक झाडांना घालतात. जमिनीत ते खपतं, ट्रेमध्ये पंधरवड्यात पानांच्या कडा जळतात. बोअरच्या पाण्याने ट्रेच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर त्याचंही तेच. आणि कूलरच्या टाकीतलं पाणी कधीच नाही. उडून उडून त्यात क्षार साचलेले असतात, डास होऊ नयेत म्हणून काही टाकलेलं असेल तर तेही त्यात असतं.

जलमूळ
माती-कोकोपीट हवंच कशाला? क्रॅट्की पद्धत करा. बंद डबा, झाकणाला भोक, दोन इंची जाळीचा कप, खाली खताचं पाणी. पंप नाही, वीज नाही. सुरुवातीला पाणी कपाच्या बुडाला टेकेल इतकं. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वरच्या मोकळ्या जागेतली मुळं हवा घेतात. लेट्यूसच्या एका रोपाला अख्ख्या आयुष्यात चार-पाच लिटर लागतं. पीएच (आम्लता) ५.५ ते ६.५, ईसी (पाण्यात किती खत विरघळलंय त्याचं माप) १.२ ते १.८.

रेगूर
पद्धत उत्तम, वेळ चुकीची. उभ्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्याच तापमानाला मूळकुजीची बुरशी जोमात असते. मे महिन्यात डब्यातलं पाणी ३० च्या खाली ठेवणं या बजेटमध्ये होणार नाही. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली की डबा ओतून द्यावा लागतो. शिवाय नुसतं १९:१९:१९ घालून क्रॅट्की चालत नाही, पूर्ण खतं वेगळी घ्यावी लागतात आणि ईसी मीटरही.

जलमूळ
मान्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा, तेव्हा नागपूर त्यासाठी छान आहे. डबा पारदर्शक घेऊ नका, उजेड गेला की शेवाळ धरतं. आणि पाणी कमी झालं म्हणून परत काठोकाठ भरू नका. हवेतली मुळं बुडाली की रोप दोन दिवसांत माना टाकतं.

खसताटी
कूलरबद्दल. रॅक कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, कोवळे देठ आडवे होतात. झोताच्या कडेला, सहा-आठ फुटांवर ठेवा. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा कोंडते आणि गारवाही मिळत नाही. मे मध्ये बाहेरची हवा कोरडी असते तोवर हे छान चालतं. नवतपा सरून मृग लागला, हवेत दमटपणा आला की कूलर नुसती ओल वाढवतो. तेव्हा कूलरचा पंप बंद, फक्त पंखा.

संत्रानगरी
त्याच दिवसांत रोपांचे देठ बुडाशी काळे पडून कोसळतात. बी दाट पेरलं आणि वरून रोज शिंपडलं की हमखास. पेरताना ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), किलोभर मिश्रणाला पाच ग्रॅम. पाणी सकाळी, आणि शक्यतो खालून: भोकं असलेला ट्रे अर्धा तास पाण्याच्या पसरट घमेल्यात ठेवा, वरची कातडी ओलसर दिसली की काढा. जुन्या संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा जुन्या अडॅप्टरवर लावला की पानं हलती राहतात. पानं मंद हलली पाहिजेत, फडफडली नाही पाहिजेत.

कुंडीतून बारीक काळ्या माश्या उडू लागल्या तर समजा वरचा थर सतत ओला आहे. एक इंच सुकू द्या आणि पिवळी चिकट पट्टी आडवी, मातीजवळ ठेवा. पान खालून बारीक ठिपक्यांनी राखाडी दिसत असेल तर कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) आहे, तो कोरड्या उकाड्यात येतो. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा, तीन दिवस लागोपाठ.

कॉटनमार्केट_कॅरेट
हे सगळं पटलं. पण हिशोब सांगा कोणी. बिल किती येईन?

लक्समीटर
८० वॅट, चौदा तास, म्हणजे रोज १.१२ युनिट, महिन्याला साधारण ३४. युनिटला सगळं धरून १० रुपये लावले तर ३४० रुपये. तुमचं महिन्याचं बिल १०० युनिटांच्या काठावर असेल तर नीट पाहा, पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा आहे. उन्हाळ्यात कूलरमुळे तसंही आपण त्या टप्प्यात असतो.

चार चौरस फुटांत चौघांची रोजची भाजी निघणार नाही. पोह्यांवर, वरणावर घालायला ताजा सांबार आणि महिन्यातून दोन-तीनदा मेथी, एवढं निघेल. स्वस्त भाजी हवी असेल तर बाजार स्वस्त आहे. मे मध्ये सांबार महागतो आणि जुडी दुपारपर्यंत मान टाकते, तेव्हाच हे परवडतं.

वाडा_तळमजला
सगळ्यांचे आभार. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) चौकशी केली. चार बॅटन ९२०, टायमर ३४०, वायर-प्लग-कनेक्टर २५०, कोकोपीट २२०, गांडूळ खत पाच किलो १३०, साखळी-हूक १२०, थर्माकोल ७०, दोन ट्रे २६०, बी, खतं आणि ट्रायकोडर्मा ३००. एकूण २६१०. उरलेल्यातून पंखा. आरसीसीबी वेगळी बसवून घेतो. शेवटचे दोन प्रश्न: रॅकच्या कुठल्या फळीवर करू, आणि आधी काय पेरू?

निंबोळी
खालून दुसरी फळी. वरच्या फळीवर, छताजवळ, खालपेक्षा दोन-तीन अंश जास्त असतात आणि दुपारी ते सांबाराला पुरेसं वाईट आहे. अगदी खालच्या फळीवर फरशीची धूळ आणि फरशी पुसताना उडणारं पाणी.

आधी मेथी, दोन्ही ट्रेमध्ये. रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत वर येते, म्हणजे दिव्याची उंची, पाणी आणि वारा बरोबर आहे की नाही ते आठवड्यात समजतं. देठ दोन पानांच्या खाली पाच सेंटीमीटरहून लांब झाला तर बॅटन खाली घ्या. पानं कडेने वर वळली तर वर घ्या. मेथी निघायच्या दहा दिवस आधी धणे भिजत घाला.

सांबारवडी
आणि त्याआधी, आजच, वीस धणे ओल्या कागदात.